उत्तर घेऊनच धारला जाईन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

जयाने, म्हणजे आमच्या सूनबाईने, तिच्या शाळेत फुकट मिळालेली डायरी मला दिली. वर गणिताच्या ट्यूशनची जाहिरात आहे, पण कागद बरा आहे. आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.

संकल्प एकच : तुकारामाला उत्तर नेऊन देणे. फिरायला जाणं, गोड कमी करणं वगैरे पुढच्या महिन्यापासून.

डोकं साफ राहावं म्हणून हकीकत लिहून ठेवतो. तुकाराम माझा पहिलीपासूनचा दोस्त. बापाने देवासच्या सरदारांची खोगिरं शिवली, याने धारला जाऊन जीप-ट्रॅक्टरच्या सीटा शिवल्या. दिवाळीनंतर त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं निम्मं गेलं. डॉक्टर म्हणतात हृदयही थकलंय, फार दिवस धरू नका. एक तारखेला त्याच्या मुलाने, रघुजीने, फोन त्याच्या तोंडाशी धरला. बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाला, "मान्या, शेवटचं काय होतं रे?"

मला तत्काळ समजलं. कवितेचं शेवटचं उत्तर.

मी शब्द दिला : उत्तर घेऊनच धारला येईन, रिकाम्या हाताने येणार नाही. मराठी माणसाचा शब्द.

ही विचारत होती, धारला कधी जायचं. बायकांना प्रवासाची हौस. म्हटलं, उत्तर मिळालं की.

७ जानेवारी, मंगळवार.

कविता कुठल्याही पुस्तकात नाही. कृष्णाजी मास्तरांनी स्वतः रचलेली. आमच्या चौथीच्या बक्षीस समारंभासाठी.

देवास म्हणजे एकेकाळी दोन राजांचं एक गाव. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. संस्थानं विलीन झाली, पण घराघरांतून काही गेली नाहीत. त्या वर्षी प्रथमच थोरल्या पातीच्या शाळेतली मुलं आणि धाकट्या पातीच्या शाळेतल्या मुली एका मंचावर. मुलांनी प्रश्न विचारायचे, मुलींनी उत्तरं द्यायची. मास्तरांची सक्त ताकीद होती, प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर पाठ करू नये. आम्ही केलं नाही. आमची शिस्तच तशी.

"सांग गडे, हा वारा आला कोठून?"
समोरून : "डोंगरमाथी निजला होता, ये ऊठून."
"सांग गडे, ही नदी निघाली कोठे?"
समोरून : "सागर तिजला हाक मारतो, जाते तेथे."

आहाहा. काय ते दिवस. खडूचा वास, सतरंजीचा वास, तुकारामाच्या डोक्याच्या तेलाचा वास.

मग आम्ही शेवटचा प्रश्न टाकला : "सांग गडे, तो कालचा दिस गेला कोठे?" मुलींनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी फाटकात मोटार आली. इंदूरहून कोणी बडे पाहुणे यायचे होते, ते दीड तास उशिरा आले. बँड वाजला. सगळी सभा उभी राहिली. पाहुणे मंचावर चढून म्हणाले, बच्चो, सब ठीक है? आम्ही मुलंमुली एका सुरात जी हाँ म्हणालो. हे उत्तर अख्ख्या देवासने ऐकलं. कवितेचं राहिलं ते राहिलंच.

दर भेटीत तुकाराम मला विचारतो, मी त्याला विचारतो. दोघांनाही ठाऊक नाही. सबंध आयुष्य गेलं.

माझा अंदाज : उत्तर फार खोल असणार. मास्तरांचा वेदान्ताचा व्यासंग होता.

(हीसुद्धा धाकट्या पातीचीच. आमचे आजोबा म्हणायचे, रस्ता ओलांडून सून आणली. पण तिच्या शाळेत शिवणकामावर भर होता असं ऐकून आहे.)

९ जानेवारी, गुरुवार.

समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला. पार्श्वभूमीसह, पाच परिच्छेद. देवासची सगळी मराठी घरं त्यात आहेत, कन्नौदपर्यंतची. आज रात्रीपर्यंत उत्तर येईल, परवा धार.

पिशवी काढून ठेवली.

१०. सकाळ.

काही नाही.

१०. दुपार.

एक अंगठा आला. विचारलं तर तो गृहस्थ म्हणाला, चुकून दबला भिया.

१०. संध्याकाळ.

मोरोपंतांनी, म्हणजे समाजाच्या अध्यक्षांनी, ग्रुपवर विचारलं, आज थंडी जरा जास्त आहे का? सत्तावन्न उत्तरं. कोणी थर्मामीटरचा फोटो टाकला. कोणी लिहिलं, सर, आपण म्हणता म्हणजे असणारच. एका बाईंनी मोरोपंतांसाठी काढ्याची कृती दिली.

मोरोपंत मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झाले. खिडकी उघडली असती तर थंडी त्यांची त्यांना कळली असती.

माझा प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

१२ जानेवारी, रविवार.

ग्रुपवर माझ्या प्रश्नाला एक उत्तर आलं! धावत चष्मा आणला. पाहतो तर हिचं. व्हॉइस मेसेज. स्वयंपाकघरातून बैठकीत व्हॉइस मेसेज पाठवण्याची ही कोणती पद्धत? जयाने शिकवलेलं दिसतं. जेवायला बोलावलं असणार. ऐकला नाही, ताट वाढलेलं होतंच.

जया म्हणाली, बाबा, आई क्या बोल रही है ते तर ऐका. म्हटलं ऐकलं, वरण गरम आहे.

जयाने तो मेसेज पुढे कुणाला तरी पाठवला. आजकाल काहीही फॉरवर्ड करतात.

रघुजीचा फोन. बाबा तुमची आठवण काढतात, काका कधी येता? म्हटलं, काम जोरात चालू आहे म्हणून सांग.

१४ जानेवारी, संक्रांत.

तीळगूळ सहा. संकल्प पुढच्या महिन्यापासून होता, म्हणून हरकत नाही.

आज फार मोठा शोध लागला. यशराज नावाचा एक नट आहे. संध्याकाळच्या मालिकेत नायक, ही एक दिवस चुकवत नाही. त्याने फोनवर जगाला विचारलं की पोह्यांवर आधी शेव की आधी जलेबी? जयाने आकडा दाखवला. एक्केचाळीस हजार लोकांनी उत्तर दिलं. त्यात आमच्या गल्लीतला दूधवाला. त्यात मोरोपंत!

अर्थ उघड आहे. प्रश्न मोठा असून चालत नाही, विचारणारा मोठा लागतो. मला हे आधीच सुचायला हवं होतं. सिंचन खात्यात हेडक्लार्क असताना सगळं टपाल मीच लावत असे. आमदाराच्या पत्राला लाल चिठ्ठी, ठेकेदाराच्या पत्राला पिवळी, शेतकऱ्यांची वगैरे खाली. एवढी वर्षं बिनतक्रार चाललं. माझ्या प्रश्नाला लाल चिठ्ठी लावणारा माणूस हवा, बस्स.

संध्याकाळी हिचं हळदीकुंकू. आत बायका कसलीशी गाणी म्हणत होत्या, हसत होत्या. दार लावून घेतलं, विचार करता येईना.

बायका गेल्यावर ही म्हणाली, अहो, मला तुम्हाला एक विचारायचंय. म्हटलं, सध्या रांग आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार.

मोरोपंतांकडे गेलो. तासभर बाहेर बसवलं. मग म्हणाले, मानाजीराव, उत्तम विषय, मी माझ्या नावाने टाकतो. डोळ्यांत पाणी आलं.

रात्री पाहिलं. त्यांनी टाकलं होतं : मित्रहो, आपल्याला जुन्या कविता आठवतात का? खाली ओळीने लोकांनी लिहिलं होतं, हो सर. हो सर. खूप सर. एकाने लिहिलं, सर, आपली तब्येत कशी आहे?

रघुजीचा फोन. बाबा दाराकडे बघत पडलेले असतात. काका, नुसते येऊन जा. मी समजावलं की नुसतं येण्यात अर्थ नाही. नुसतं तर कोणीही येतं.

ही विचारते, धारला कधी जायचं. रोज तेच.

१९ जानेवारी, रविवार.

झोप नाही. तुकाराम गेला आणि उत्तर मागून आलं तर? ते कुणाला देऊ? आज देवीच्या टेकडीखाली उभा राहून थोरल्या पातीच्या मोठ्या मातेला साकडं घातलं, मग धाकटीच्या छोट्या मातेलाही घातलं. थोरल्या पातीचा असूनही.

दुपारी सुचलं : मूळ उत्तर नाही तर तोडीस तोड उत्तर. मी काही अगदीच हा नाही. बसून रचलं :

"काळाच्या त्या गहन गुहेतुन तारा फुटे."

तीनदा वाचलं. मास्तरांनासुद्धा जमलं असतं की नाही, शंका आहे. लगेच फोन लावला. रघुजीने स्पीकरवर ठेवला. मी खड्या आवाजात प्रश्न म्हटला, मग उत्तर. पलीकडून घशातला विचित्र आवाज, बराच वेळ. रघुजी म्हणाला, काका, बाबा हसतायत बहुतेक.

लकव्याच्या माणसाचं रडणं आणि हसणं सारखंच दिसतं. भावना अनावर झाल्या असणार.

पण मनाला पटत नाही. मूळचं ते मूळचं. शोध चालू.

२२ जानेवारी, बुधवार.

ईश्वर आहे. यशराज शनिवारी देवासला येतोय. एबी रोडवर कपड्यांचं शोरूम उघडायला.

योजना : वडिलांचा बंद गळ्याचा कोट, लाल पगडी. सकाळी सातला पोचणे. पहिल्या रांगेत उभं राहणे. त्याला प्रश्न देणे. त्याने तो जगाला विचारणे. रविवारी उत्तर. सोमवारी धार. यात कच्चा दुवा एकही नाही.

हिने कोटाचं बटण लावून दिलं. लावता लावता म्हणाली, ते विचारायचं राहिलंच आहे. म्हटलं, शनिवारनंतर सगळं.

२५ जानेवारी, शनिवार. रात्री नऊ. पाय सुजलेत.

यश!

सातला पोचलो. आठला पहिल्या रांगेत, नऊला तिसऱ्या, दहाला नाल्याच्या कडेला. पोरं भिंतीसारखी. एकाने म्हटलं, दादाजी घर जाओ, दब जाओगे. म्हटलं, अरे भिया, माझा मित्र मरतोय. त्याला वाटलं यशराजसाठी मरतोय. म्हणाला, सब मर रहे हैं.

बाराला गाडी आली. मी पगडी काठीवर धरून उंच केली. आणि काय आश्चर्य, मॅनेजरचं लक्ष गेलं! तो ओरडला, वो पगड़ी वाले दादाजी को फ्रेम में लो. घराण्याची ओळख अशी लपत नाही.

मला उचलूनच नेलं म्हणायला हरकत नाही. यशराज उंच आहे, अत्तर फार. त्याने विचारलं, दादाजी, कुछ कहना है? मी हात जोडून, शाळेत उभे राहायचो तसा उभा राहून म्हटलं, "सांग गडे, तो कालचा दिस गेला कोठे?" कोणीतरी त्याच्या कानात हिंदी करून सांगितलं. तो एक क्षण गप्प झाला. त्या क्षणी आमचं नातं जुळलं, मी पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे वळून त्याने सगळ्या देशाला विचारलं, दोस्तो, दादाजी पूछ रहे हैं, कल कहाँ गया?

पुढेही काहीतरी म्हणाला, ते टाळ्यांत ऐकू आलं नाही.

रघुजीचे चार मिस्ड कॉल. उद्या एकदमच आनंदाची बातमी देईन.

२६ जानेवारी, रविवार.

व्हिडिओ आला. अठरा लाख लोकांनी पाहिला. अठरा लाख! देवासची वस्ती किती?

पुढचं वाक्य आता ऐकलं. यशराज म्हणतो, कल इसी शोरूम में आया है दादाजी, फिफ्टी परसेंट ऑफ पे! मग ढोल. असो. कलावंताला पोट असतं.

मी आणि जया उत्तरं वाचायला बसलो. ती वाचायची, मी वहीत उतरवणार होतो.

लव्ह यू यशराज. दाढी मत काटना. क्यूट दादाजी. सर एक बार गंधवानी आ जाओ. पगडी कहाँ मिलेगी. लव्ह यू. लव्ह यू. पहला कमेंट मेरा. घरबैठे कमाई करा, या नंबरवर फोन करा. लव्ह यू.

जेवणानंतर पुन्हा बसलो. दिवेलागणीला जयाचा घसा बसला.

हजारो उत्तरं आणि एकही उत्तर नाही. कोणीच प्रश्न वाचला नाही. सगळ्यांनी माणूस वाचला.

ही एवढंच म्हणाली, झालं का? मग धारला कधी जायचं? मी ओरडलो तिच्यावर. एवढं देशव्यापी अपयश पदरात असताना माणसाला असं विचारतात का?

 तिने दूध आणून ठेवलं.

२८ जानेवारी, मंगळवार.

रविवारी निराश होतो, ते चूक होतं. परिस्थिती पालटली आहे. आता मीच मोठा माणूस आहे.

दूधवाल्याला विचारलं, दूध पातळ का? एरवी मान फिरवतो. आज त्याने माझ्यासोबत फोटो काढला. (दूध पातळच.) मेडिकलवाल्याने खुर्ची दिली. मोरोपंतांचा स्वतःहून फोन! परवा, ३० तारखेला, समाजाच्या हॉलमध्ये माझा सत्कार. शाल-श्रीफळ. यशराजचा व्हिडिओ पडद्यावर दाखवणार. म्हणाले, मानाजीराव, आपण फक्त पगडी घालून या.

तिथे सगळा समाज असेल. मी मंचावरून प्रश्न विचारणार. आता ऐकावंच लागेल.

दुपारी रघुजीचा फोन. आवाज बारीक. बाबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, डॉक्टर म्हणतात आज-उद्या. काका, बाबा एकच विचारतात, मान्या कधी येतो.

आज-उद्या. परवा सत्कार. म्हणजे परवा संध्याकाळी उत्तर, एकतीसला धार. तुकारामाला म्हणावं, एवढं थांब. तो थांबेल. शाळेतही माझी वाट बघत चिंचेखाली थांबायचा. एकदा अंधार पडेपर्यंत थांबला होता. मी दुसऱ्या वाटेने घरी गेलो होतो.

हे कशाला आठवलं?

३० जानेवारी, गुरुवार. धार. रघुजीच्या घरी, त्याच्या दुकानाच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहितोय, नंतर डायरीत डकवणे.

सकाळी उठलो तर ही दारात. नऊवारी, शाल, हातात पिशवी. म्हणाली, मी धारला चालले. जया बसमध्ये बसवून देते. तुम्ही सत्कार घ्या.

मी म्हटलं बरं. मग पगडी शोधली, तर ती पिशवीत. तीळगुळाच्या डब्यावर पालथी. परत द्यायला ती तयार नाही. म्हणाली, डब्याला धक्का लागू नये म्हणून ठेवली आहे. पगडीशिवाय सत्काराला जाणं शक्य नव्हतं. नाइलाजाने मलाही बसमध्ये चढावं लागलं.

इंदूरला बस बदलली. सगळी वाट मी पिशवीवर नजर ठेवून होतो. ती खिडकीतून गव्हाची शेतं बघत होती, आनंदात.

तुकाराम एवढासा झालाय. पलंगावर चादरच जास्त. पण डोळे तेच. मला पाहून डावा हात थोडा उचलला. मी काय म्हणणार? रिकाम्या हाताने आलो होतो. सांगितलं सगळं. ग्रुप, मोरोपंत, नाल्याची कड, अठरा लाख. म्हटलं, तुक्या, कोणालाच ठाऊक नाही रे. मला माफ कर.

त्याने बोटाने खूण केली. उभा राहा.

मला कळलं त्याला काय हवंय. उभा राहिलो. हात जोडले.  "सांग गडे, तो कालचा दिस गेला कोठे?"

त्याने डोळे मिटले. तोंडाची एक बाजू हलली. शब्द सावकाश आले, ओले, वाकडे, पण आले. "घरी जाउनी... पूस..."

मला वाटलं मला घालवून देतोय. एवढा उशीर केला, रागावणारच. खाली मान घातली. आणि हा हसायला लागला! घशातला तोच आवाज, फोनवर ऐकलेला. हसता हसता ठसका लागला, रघुजीने पाठ चोळली. मग रघुजीनेच फोन काढला आणि म्हणाला, काका, बाबा रोज हे लावायला सांगतात. जयावहिनीने पाठवलं होतं.

फोनमधून आधी कुकरची शिट्टी. मग हिचा आवाज. बारीक, पण सुरात, शाळकरी हेल काढून :

"घरी जाउनी पूस आईला, मज ना सुटे."

एवढंच. वेदान्त नाही, गुहा नाही. मलाच ठाऊक नाही बाबा, घरी जाऊन विचार.

मी मागे वळलो. ही पलंगाच्या पायथ्याशी बसून तुकारामासाठी तिळाचा लाडू बोटांनी बारीक चुरत होती. म्हटलं, तुला येत होतं?

ती म्हणाली, "आमचीच ओळ होती ती. मी दुसऱ्या रांगेत होते, तुमच्या समोर."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"तुम्ही पाहुण्यांना गोष्ट सांगायचात, मी चहा ठेवायचे. मला विचारलंत कधी?"

तुकाराम पुन्हा हसला. त्याच्या जिभेवर तिने कणभर तीळगूळ ठेवला. चार दिवसांत त्याने तेवढंच खाल्लं.

त्या बारा तारखेच्या मेसेजमध्ये वरणाचा उल्लेखही नव्हता. तुकारामाला अठरा दिवसांपूर्वीच उत्तर मिळालं होतं. मग तो रोज विचारत काय होता? मान्या कधी येतो.

म्हणजे जे विचारत होता, तेच विचारत होता.

३१ जानेवारी, शुक्रवार. धार.

थांबलो. दिवसभर त्याचा डावा हात धरून बसलो. कविता पाच-सहा वेळा झाली. मी प्रश्न, ही उत्तर. शेवटच्या ओळीला तो आमच्यात मिसळायचा, ओठांनी.

मोरोपंतांचा मेसेज : सत्कार आपल्या अनुपस्थितीत संपन्न झाला. व्हिडिओ सर्वांना आवडला.

५ फेब्रुवारी, बुधवार. धार.

तुकाराम गेला. पहाटे. झोपेतच.

आज लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. देवास. संध्याकाळ.

काल तेराव्याहून परतलो. घर तेच, टेकडी तीच. डायरीत मध्ये बरीच कोरी पानं. असू देत.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. हिला मला काहीतरी विचारायचं होतं. संक्रांतीला म्हणाली होती, बटण लावताना म्हणाली होती. मी रांगेत उभं केलं. मग धार झालं, तुकाराम झाला, राहूनच गेलं. काय असेल? दिवसभर आठवून पाहिलं, तिने पूर्वी काय काय विचारलं असेल ते. एकही प्रश्न आठवेना. तिचे सगळे प्रश्न मला "वगैरे" म्हणूनच लक्षात आहेत.

संकल्प : आज तिला विचारायचं. नीट, समोर बसून. तिचा प्रश्न काय, आणि मग त्याचं उत्तर, काहीही असलं तरी. पुढच्या महिन्यापासून नाही. आज.

सात वाजता चहा मी केला. (साखर जास्त पडली.) दोन कप घेऊन बैठकीत गेलो, तिच्या शेजारी बसलो. घसा साफ केला. म्हटलं, अगं, तुला मला काय विचारायचं होतं?

ती म्हणाली, थांबा हो, यशराज आलाय.

टीव्हीवर खरंच यशराज होता, कोणाच्या तरी लग्नात शिरलेला. म्हटलं बरं. चहा निवत होता. कोणीतरी बेशुद्ध पडलं. वाटलं, आता. पुन्हा घसा साफ केला. तिने नजर न हलवता हाताने थोपवलं.

मग ब्रेक झाला. मी तोंड उघडलं, तोच केबलवर जाहिरात लागली. ढोल, शोरूम, आणि मधोमध मी. लाल पगडी, हात जोडलेले.

तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली, "गप्प बसा ना, बघू द्या," आणि पदराने चष्मा पुसून टीव्हीतल्या माझ्याकडे टक लावून बघत बसली. किती वर्षांनी माझ्याकडे असं बघत होती.

मी शेजारीच होतो. गप्प बसलो.

ब्रेक संपला, मालिका पुन्हा सुरू झाली. आतून डायरी आणून हे लिहितोय, तिथेच, तिच्या बाजूला बसून. साडेसातला संपेल असं जया म्हणते. थांबलो आहे.